नेरळ यार्ड, मे १९७८: एका भिंतीवर दोन गेज

नेरळ यार्डाचं मॉडेल करायचं म्हटलं की आधी एक गोष्ट पक्की करावी लागते: नेरळ कुठल्या सालचं? १९०७ साली माथेरानची गाडी सुरू झाली, तेव्हापासून मुंबई-पुणे मार्गाची ब्रॉडगेज आणि तिच्या शेजारी दोन फुटी छोटी लाइन ही जोडी तिथे कायम आहे. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. पण बाकी जवळजवळ सगळं बदलत गेलं. आज तिथे वरच्या तारेत २५ केव्ही एसी आहे, लोकल लांब झाल्या आहेत, छोट्या गाडीला नव्या बांधणीची डिझेल इंजिनं आणि एअरब्रेक आले आहेत. आजचं इंजिन आणि वाफेच्या काळातला, इंजिनात पाणी भरायचा खांब एकाच दृश्यात ठेवले, तर नेरळला कधीतरी उतरलेल्या माणसालाही ते खटकतं. नेमकं काय चुकलंय हे त्याला सांगता येणार नाही, एवढंच.

आम्ही मे १९७८ घेतला. त्या काळात ओरेनस्टाइन आणि कोप्पेल या जर्मन कारखान्याची सहा चाकी वाफेची इंजिनं अजून चालत होती आणि १९५० च्या दशकात आलेली युंग कारखान्याची डिझेल इंजिनंही सोबतीला होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ थांबली. म्हणजे १९७८ मध्ये एकाच शेडमध्ये कोळसाही हवा आणि डिझेलचं पिंपही. मुख्य मार्गावर १५०० व्होल्ट डीसी, नऊ डब्यांची पिवळी-तपकिरी लोकल, पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना डब्ल्यूसीएम जातीची विजेची इंजिनं. छोट्या गाडीच्या डब्यांवर ब्रेक पोर्टर असत आणि इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळत. यंत्राने होणारं काम माणसं करत होती, त्यामुळे यार्डात माणसं जास्त दिसत.

मे महिना घेण्याचं कारण वेगळं. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने ही लाइन तेव्हा बंद ठेवत. जुलैचं हिरवंगार नेरळ देखणं असतं, पण त्यात छोटी गाडी उभीच राहील. मे म्हणजे सुट्ट्यांची गर्दी, सगळे डबे बाहेर, सगळी इंजिनं कामावर, जमीन धुळकट आणि गवत वाळून पिवळं पडलेलं. मॉडेलला सगळ्यात जास्त काम देणारा महिना तोच.

जागा होती ३.६ मीटर बाय ३ मीटरची एक खोली. त्यात लांबीची एक भिंत यार्डाला आणि तिच्या दोन्ही बाजूच्या भिंती रुळांना द्यायच्या, मधे माणसाने उभं राहायचं. आम्ही दोघं करणारे: सुतारकाम आणि इमारती माझ्याकडे, वायरिंग मित्राकडे. तिसरे आमचे शेजारी, वाफेच्या ब्रॉडगेज शेडमध्ये खलाशी म्हणून लागून निवृत्त झालेले एक काका. त्यांची नोकरी नेरळची नव्हती, पण इंजिनाला सकाळी काय लागतं आणि संध्याकाळी काय लागतं हे त्यांना पाठ होतं. यार्ड म्हणजे कामांचा क्रम, ही या सगळ्या प्रकरणातली मध्यवर्ती गोष्ट त्यांच्यामुळेच पक्की झाली. अंतर कमी करता येतं, डबे कमी करता येतात, एखादी भिंत आखूड चालते. कामाच्या क्रमातली एक पायरी गाळली की यार्ड यार्ड राहत नाही, ती रुळांची शोभा होते.

आता प्रमाण. भारतीय मॉडेलकाराची सगळ्यात मोठी अडचण इथे सुरू होते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, साडेपाच फूट. बाजारात मिळणारे रूळ आणि गाड्या युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी बनतात. लोकप्रिय एचओ प्रमाण १:८७ चं, त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर. त्या प्रमाणात आपली ब्रॉडगेज १९.२ मिलिमीटर भरायला हवी. म्हणजे विकतच्या रुळावर भारतीय गाडी ठेवली की खालचा पाया प्रत्यक्षातल्या हिशोबाने चोवीस सेंटिमीटर अरुंद होतो. मुंबईची लोकल तर ३.६६ मीटर रुंद. अरुंद रुळावर ती डोईजड दिसते. ब्रिटिश ओओ प्रमाणात, १:७६.२ मध्ये, फरक आणखी वाढतो: हवेत २२ मिलिमीटर, मिळतात तेच १६.५.

एकाच गेजचं यार्ड असतं तर बरेच जण करतात तसं आम्हीही डोळेझाक केली असती. नेरळमध्ये ती सोय नाही, कारण दोन गेज शेजारी शेजारी उभे आहेत आणि बघणाऱ्याचा डोळा सतत त्यांची तुलना करतो. मोठी लाइन छोटीच्या पावणेतीन पट रुंद आहे. हे नातं बिघडलं की छोटी गाडी छोटी वाटत नाही, आणि नेरळचं सगळं आकर्षण त्या छोटेपणात आहे. एचओमध्ये अरुंद मार्गासाठी ९ मिलिमीटर रूळ सर्रास वापरतात. तो प्रत्यक्षातल्या ७८४ मिलिमीटरएवढा होतो. बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी गेजला तो शोभेल. माथेरानच्या ६१० ला नाही.

उत्तर एका जुन्या, आता फारसं न वापरल्या जाणाऱ्या प्रमाणात मिळालं: एका फुटाला ३ मिलिमीटर, म्हणजे १:१०१.६. ब्रिटनमध्ये १९५७ साली ट्राय-अँगने टीटी नावाने १२ मिलिमीटर रुळावर याच प्रमाणाच्या गाड्या आणल्या होत्या. आम्हाला त्या रुळाशी कर्तव्य नव्हतं. साडेपाच फूट गुणिले तीन बरोबर साडेसोळा. एचओचा विकतचा रूळ या प्रमाणात भारतीय ब्रॉडगेजला तंतोतंत बसतो. दोन फुटी लाइन ६ मिलिमीटर व्हायला हवी. मार्क्लिनने १९७२ साली आणलेल्या झेड गेजचा रूळ ६.५ मिलिमीटर आहे. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, प्रत्यक्षात पाच सेंटिमीटरचा. दोन्ही रूळ विकतचे आणि दोघांमधलं नातं जवळपास खरं. मला विचाराल तर दोन फुटी लाइन आणि ब्रॉडगेज एकत्र दाखवायचे असतील, तर भारतात यासारखं दुसरं प्रमाण नाही.

त्याची किंमतही आहे. या प्रमाणात भारतीय इंजिन किंवा डबा तयार मिळत नाही. लोकलचे डबे प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापायचे, छोट्या इंजिनाला झेडच्या यंत्रावर नवं अंग चढवायचं. पण इमारतींच्या बाजूने एक फायदा निघाला. वास्तुविशारद आपली मॉडेल्स १:१०० मध्ये करतात. त्यांच्यासाठी मुंबई-पुण्यात माणसं, झाडं, जिने, कठडे या मापात मिळतात आणि लेझरने पुठ्ठा कापून देणारे याच मापाला सरावलेले असतात. १:१०० आणि १:१०१.६ मधला फरक डोळ्याला कळत नाही. साडेपाच फुटी माणूस साडेसोळा मिलिमीटरचा होतो, म्हणजे ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधल्या अंतराएवढाच उंच. हे लक्षात ठेवलं की काम करताना पट्टी फारशी लागत नाही.

दुसरा मोठा निर्णय होता, बघणाऱ्याने कुठे उभं राहायचं. माथेरानचा डोंगर नेरळच्या पश्चिमेला. छोटी लाइनही त्याच बाजूला, ब्रॉडगेज पूर्वेला. पूर्वेकडून पाहिलं तर मागे डोंगर मिळतो, पण पुढे ब्रॉडगेज येते. लोकल फलाटाला लागली की छोटी गाडी पूर्ण झाकली जाते. पश्चिमेकडून पाहिलं तर छोटं यार्ड हाताशी येतं, पण डोंगर आपल्या पाठीमागे जातो आणि दृश्यातून नाहीसा होतो.

मित्राला डोंगर हवा होता. नेरळचं मॉडेल आणि माथेरान नाही, हे कुणाला पटेल, हा त्याचा मुद्दा खरा होता. तेव्हा हिशोब मांडला. नेरळपासून माथेरानची चढण सुमारे ७६० मीटर. आमच्या प्रमाणात साडेसात मीटर. खोलीचं छत तीन मीटरवर. म्हणजे डोंगर बांधता येणार नाही, रंगवावा लागेल. बरं, रंगवायचा तर किती उंच? स्टेशनातून डोंगराचा कडा पाचेक किलोमीटरवर. एक मीटर अंतरावरून पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीपासून पडद्यावर तो जेमतेम पंधरा सेंटिमीटर वर यायला हवा. आणि मधली चढण, झाडी, घरं हे सगळं पडदा आणि रूळ यांच्यातल्या चार बोटांत बसवायचं. ते नाटकाच्या पडद्यासारखं दिसलं असतं.

पश्चिमेकडून पाहिल्यावर मागे येते ती उल्हास नदीची सपाटी, भाताची कोरडी खाचरं आणि वीसेक किलोमीटरवर भीमाशंकरच्या बाजूची सह्याद्रीची भिंत. त्याच हिशोबाने ती पडद्यावर साडेचार-पाच सेंटिमीटर उंच येते आणि मेच्या धुरकट हवेत फिकट निळी पट्टी म्हणून रंगवली की पुरते. शिवाय झेडच्या रुळावरून घसरलेला डबा उचलायला हात पोचायला हवा, हे कारणही होतंच. आम्ही पश्चिम घेतली. बघणारा माणूसच आता माथेरानच्या बाजूला उभा असतो आणि छोटी लाइन यार्ड सोडून त्याच्याकडे वळते. माझ्या दृष्टीने या मॉडेलमधला हा सगळ्यात चांगला निर्णय.

मापं मिळवायची कशी? यार्डात शिरून टेप लावणं हा मार्ग नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि छोट्या लाइनच्या शेडमध्येही लोक कामावर असतात. फलाटाचं तिकीट काढून फलाटावरून, पादचारी पुलावरून आणि बाहेरच्या रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढं. लांबीसाठी उपग्रहाची छायाचित्रं. त्यावर दिलेल्या मोजपट्टीवर आम्ही सगळा भरवसा ठेवला नाही. जुन्या निळ्या आयसीएफ डब्याची लांबी २१.३४ मीटर ठरलेली आहे. कुठल्या तरी तारखेच्या चित्रात असा डबा रुळावर उभा सापडतो, तोच मग आपला गज. आमच्या प्रमाणात तो बरोबर २१ सेंटिमीटरचा.

पण उपग्रह १९७८ दाखवत नाही. १९७० च्या दशकात वाफेची इंजिनं शोधत भारतात फिरलेल्या परदेशी शौकिनांचे फोटो उपयोगी पडतात. मात्र त्यांचा कॅमेरा इंजिनावर असतो, इमारत कडेला अर्धी कापलेली. खरा खजिना आपल्या घरांतून आहे. माथेरानला गेलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने गाडीपुढे उभं राहून फोटो काढलाय. माझ्या मावशीच्या अल्बममध्ये एक चौकोनी कृष्णधवल फोटो आहे, आग्फा क्लिकचा. मावशी आणि तिचे यजमान डब्याच्या पायरीशी, दोघांच्या मधे वळकटी, यजमानांच्या खांद्याला थर्मास. आणि मावशीच्या डाव्या खांद्यामागे, थोडा अस्पष्ट, पत्र्याच्या एका शेडचा कोपरा: दोन खांब, पाखाचा उतार, पत्र्यांचे जोड आणि धुराने काळवंडलेली पट्टी.

त्या कोपऱ्यातून शेड मोजता येते. पन्हळी पत्र्याच्या दोन कण्यांमधलं अंतर ठरीव असतं, तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर. भिंगाखाली भिंतीच्या पन्हळी मोजायच्या. शंभर पन्हळी भरल्या तर भिंत ७.६ मीटर. फोटो तिरका असला तरी मोजणी चुकत नाही, कारण आपण अंतर मोजतच नाही, कणे मोजतो. उंचीसाठी पत्र्यांचे आडवे जोड पाहायचे. आठ फुटी पत्रा वरून खाली एकदा लागलाय की दीड वेळा, ते दिसतं. जमिनीवर रूळ दिसत असतील तर त्यांच्यातलं ६१० मिलिमीटर अंतर दुसरी साक्ष देतं. दोन्ही उत्तरं जुळली की माप पक्कं धरायचं. दगडी किंवा विटांच्या भिंतीला हीच युक्ती थरांवर चालते, फक्त गिलावा नसला पाहिजे.

शेड करायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन. पन्हळी पत्रा आमच्या प्रमाणात पाऊण मिलिमीटरच्या घडीचा हवा. छापील कागदावर रेघा असतात, सावली नसते, आणि शेडवर उन्हाची तिरीप पडली की पहिली उणीव तीच जाणवते. आम्ही ॲल्युमिनियमच्या डब्याचा पातळ पत्रा घेतला, जेवण पार्सल येतं तो. हार्डवेअरच्या दुकानात ४ मिलिमीटर जाडीचा आट्यांचा गज मिळतो, त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.७ मिलिमीटर. पत्रा रबराच्या तुकड्यावर ठेवून त्यावरून हा गज दाबून लाटण्यासारखा फिरवायचा. पन्हळी उमटतात, पण आटे मळसूत्री असल्याने किंचित तिरक्या. म्हणून आधी मोठा तुकडा लाटायचा आणि मग पन्हळीच्या दिशेला गुण्या लावून पत्रे कापायचे. एकेक पत्रा २४ मिलिमीटर लांब, दहा पन्हळींचा. ते शेडवर खऱ्यासारखे एकमेकांवर एक पन्हळ चढवून चिकटवायचे. अख्खं छप्पर एका तुकड्यात केलं तर काम पाचपट लवकर होतं आणि शेड खोटी दिसते. जुन्या शेडचं रूप त्या जोडांत असतं: एखादा पत्रा नवा बदललेला, एखाद्याची कड उचललेली.

छपराला आतून पेलणाऱ्या कैच्या पुठ्ठ्यातून लेझरने कापल्या. पुठ्ठ्याला लाखेचं पॉलिश पाजलं की तो ओल धरत नाही, कोकणाच्या हवेत हे करावंच लागतं. गंजासाठी गेरूची पूड, मॅट वार्निशमध्ये कालवलेली. धुरासाठी कोळसा वस्त्रगाळ करून, धुराड्याच्या वर दाट आणि खाली विरत जाणारा. स्टेशनची बाजू त्या मानाने सोपी. मंगलोरी कौल दिसायला सुमारे २३ सेंटिमीटर रुंद, आमच्याकडे २.३ मिलिमीटर. पुठ्ठ्याच्या दातेरी पट्ट्या कापून खालून वर थर लावत जायचं. काळा दगड काळा रंगवायचा नाही, राखाडीकडे झुकणारा ठेवायचा. मेच्या उन्हात तो तसाच दिसतो, आणि छोट्या मापात गडद रंग भोकासारखा वाटतो.

मग यार्डाची कात्री. छोट्या यार्डातले सगळे फाटे घेतले तर सांध्यांनीच, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागांनीच, भिंत भरली असती. कागदावर आखणी करून आम्ही काकांकडे गेलो.

“काका, हे दोन रूळ काढले तर चालेल का?”

“चालेल की. पण मला सांग, आग कुठं पाडणार?”

मी नकाशा पुन्हा पाहिला. शेडचा रूळ होता, पाण्याचा खांब होता.

“इंजिन आलं की सरळ शेडमध्ये घालतोस होय रे? आधी कोळसा, मग पाणी, मग आग साफ करायची, राख खड्ड्यात पाडायची. नंतर शेड. राख पडल्याशिवाय कुणी आत घेत नाही. आणि दोन इंजिनं लागोपाठ आली, तर दुसरं उभं कुठं राहील?”

त्या चार वाक्यांनी आखणी ठरली. राखेचा खड्डा शेडच्या अलीकडे आला, त्याच्या अलीकडे पाण्याचा खांब आणि कोळशाचा ओटा, आणि त्याही अलीकडे एक इंजिन वाट पाहू शकेल एवढी रिकामी लांबी. या रिकाम्या लांबीला कात्री लावायची नाही हा नियम झाला. बदल्यात डबे ठेवायच्या बाजूचा एक फाटा गेला आणि एक जोडरूळ गेला. उरला तो फलाटाचा रूळ, त्याच्या शेजारी इंजिन फिरवून घ्यायचा लूप, डब्यांचा एक रूळ आणि शेडचा रूळ. खालून आणि वरून दोन्हीकडे इंजिन पुढे लावायचं असल्याने लूपशिवाय यार्ड चालतच नाही. लूपची लांबी ठरवली ती चार डबे आणि एक इंजिन धरून. माथेरानची गाडी प्रत्यक्षात याहून लांब असते. डबे कमी केले, चाल कमी केली नाही.

ब्रॉडगेजला वेगळा न्याय दिला. ती मागच्या भिंतीला लागून जाते आणि दोन्ही कोपऱ्यांत ७५ सेंटिमीटर त्रिज्येने वळून बाजूच्या भिंतींवर अदृश्य होते. दोन्ही कोपरे वजा केले की ३.६ मीटरमधून सरळ भाग उरतो २.१ मीटर. नऊ डब्यांच्या लोकलचे सुमारे १८६ मीटर आमच्या प्रमाणात १.८३ मीटर भरतात. म्हणजे अख्खी लोकल, एकही डबा न कापता, सरळ फलाटाला उभी राहते. हे जुळून आलं तेव्हा झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही. अख्खी लोकल उभी असली की तिच्यासमोर चार डब्यांची छोटी गाडी खरोखर खेळण्यासारखी दिसते. कोपऱ्यातलं वळण एका बाजूला पादचारी पुलाने आणि दुसऱ्या बाजूला झाडांनी झाकलं.

छोटी लाइन एका टोकाने बाहेर पडून बाजूच्या भिंतीवर चढू लागते. माथेरान मार्गावरची सगळ्यात तीव्र चढण २० ला १ आहे, तीच दिली. दोन मीटरमध्ये ती १० सेंटिमीटर वर जाते आणि खाली लपलेल्या ब्रॉडगेजचं छप्पर बनते. प्रत्यक्षात ती ब्रॉडगेजवरून जात नाही, पण तिथवर ब्रॉडगेज दृश्यातच नसते. वाफेच्या इंजिनात जागा मिळेल तिथे शिसं भरावं लागलं, तेव्हा चार डबे वर गेले. मूळ इंजिनांची कडेची चाकं वळणावर स्वतः थोडी वळत, क्लिएन-लिंडनर पद्धतीची. झेडच्या यंत्रात ती सोय नाही, पण कडेच्या धुऱ्यांना किंचित मोकळीक दिली की घाटातल्या वळणांवर गाडी कुरकुरत नाही.

वायरिंगबद्दल फार लिहीत नाही. दोन्ही गेजचे पुरवठे वेगळे, सांधे छोट्या सर्वो मोटरवर. फक्त एक सांगतो: वरच्या तारेसाठी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून ३८ नंबरची एनॅमल तार आणली, ०.१५ मिलिमीटरची. तार रुळापासून ५४ मिलिमीटरवर, प्रत्यक्षात साडेपाच मीटर. ती वीज वाहत नाही, पण ती नसती तर मागची लाइन मुंबईची वाटली नसती. आणि रुळांच्या जोडांत अर्धा मिलिमीटर फट ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीतला रूळ वाढतो आणि फट नसली तर उचलला जातो.

खडी विकत घेतली नाही. प्रत्यक्षातली खडी मोठ्यात मोठी ६५ मिलिमीटरची, आमच्याकडे ०.६५. खडीक्रशरवरची भुकटी चहाच्या गाळणीने आणि मग कापडाने दोनदा चाळली. तीच जात, तोच काळा दगड, रंगवायची गरज नाही. ब्रॉडगेजच्या खडीवर ब्रेकच्या धुळीचा तांबूस हात फिरवला. छोट्या यार्डात खडी जवळपास नाहीच, राख आणि तेलाने बसलेली माती आहे. दोन गेजमधला फरक जमिनीवरही दिसावा लागतो. वाळलं गवत काथ्याचं, तीन-चार मिलिमीटर कापून.

फलाटावरची माणसं ठेवताना मावशीचा अल्बम पुन्हा उघडला. वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, फिरकीचे तांबे, मुलांच्या डोक्यावर कापडी टोप्या. लोकलच्या फलाटाकडून छोट्या फलाटाकडे जाणारी माणसांची ओळ सलग ठेवली, कारण तीच या यार्डाची मालवाहतूक आहे. दाराशी पळसाच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या दोन बायका आहेत. करवंदं म्हणजे सुईच्या टोकाने ठेवलेले जांभळे ठिपके.

आता यार्ड चालतं. एक फेरी अशी: डबे बाजूच्या रुळावरून फलाटाला लागतात, डिझेल शेडमधून येऊन पुढे जोडलं जातं. मागे लोकल येते, थांबते, निघते. छोटी गाडी सुटते आणि वर जाते. वरून दुसरी गाडी घेऊन वाफेचं इंजिन उतरतं, सुटं होतं, लूपमधून फिरून ओट्याशी कोळसा, खांबाशी पाणी, खड्ड्यावर राख, मग शेड. तेवढ्यात वर गेलेलं डिझेल परत आलं तर ते रिकाम्या लांबीवर थांबतं. काकांनी ही फेरी पाहिली आणि खड्ड्याशी इंजिन जास्त वेळ उभं ठेवायला सांगितलं. “आग काय फुंकर मारून विझते का रे?” तेव्हापासून तिथे घड्याळ लावून थांबा आहे.

राहिली आहे ती डब्यांची शेड. तिचा एकच फोटो मिळालाय, तोही समोरून. पत्रे किती उंचीपर्यंत होते, मागची बाजू उघडी होती की बंद, छपराला मधे उजेडाची पट्टी होती का, हे त्यात दिसत नाही. अंदाजाने काही उभं करायचं नाही असं आम्ही ठरवलंय, म्हणून तिथे सध्या मोकळा ओटा आहे. तुमच्या घरी १९८० च्या आधीच्या माथेरान सहलीचे फोटो असतील तर नेरळला काढलेले तेवढे काढून पाहा. माणसांच्या मागे, फोटोच्या कडेला, पत्र्याची भिंत किंवा छपराची कड आली असेल तर तो कोपरा भिंगाखाली धरा आणि पन्हळी मोजा. फोटो कुठल्या फलाटावरून आणि कुठल्या महिन्यात काढला, हे घरातल्या कुणाला आठवत असेल तर तेही फोटोमागे लिहून ठेवा.